गेलेल्यांची नावं: चावडीतल्या पाटीच्या कामाच्या नोंदी

१८ जून २०२४

चावडी पाडायचा ठराव झालाय. त्याच जागी ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार. मागची भिंत पावसाने फुगली आहे, म्हणून घाई. दर्शनी भिंतीत दाराच्या डाव्या अंगाला संगमरवरी पाटी आहे, अंदाजे दोन फूट रुंद, दीड फूट उंच. भिंतीला रंग देताना दर वेळी पाटीवरूनही ब्रश फिरत आला, त्यामुळे गावातल्या पोरांना तिथे पाटी आहे हेच ठाऊक नाही. सध्या वरचा थर गुलाबी ऑइल पेंटचा, त्यावर पल्स पोलिओच्या पोस्टरची फाटकी पट्टी.

पहिलं महायुद्ध संपल्यावर, ज्या गावांतून बरीच माणसं लढाईवर गेली होती तिथे इंग्रज सरकारने अशा पाट्या लावल्या. आमच्या सातारा जिल्ह्यात त्या अजून बऱ्याच ठिकाणी दिसतात. मजकूर एका साच्यातला: १९१४-१९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे तेवढे गावागणिक वेगळे. नाव एकाचंही नाही. अपशिंग्यासारख्या गावाचा निदान लौकिक तरी झाला, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलं गेलं. बाकीच्या गावांची नोंद या पाटीपुरती.

सरपंचताईंना म्हटलं, पाटी मलब्यात जायला नको, वाचनालयात आणून ठेवतो. त्या म्हणाल्या, "आणा, पण नुसती कोपऱ्यात उभी करू नका. काहीतरी नीट करू." म्हणून ही वही.

२३ जून

पाटी सुखरूप निघाली. गवंड्याला छिन्नी-हातोडा बाजूला ठेवायला लावला. पाटी चुन्यात बसवलेली, आणि चुना सिमेंटसारखा हट्टी नसतो. करवतीचं पातं कापडात धरून चारही कडांनी घासत गेलो, मग खालून दोन पहारी. मागची बाजू खडबडीत, पाथरवटाच्या टाक्यांच्या खुणा तशाच.

२ जुलै

रंग काढायला हार्डवेअरच्या दुकानातल्या पोराने ॲसिड सुचवलं. "फरशी कशी चकाचक होते बघा." फरशी होईल, पण संगमरवर म्हणजे शेवटी चुन्याचाच दगड. ॲसिड पडलं की फेसाबरोबर अक्षरांच्या कडाही जातील. तारेचा ब्रशही नको. पेंट रिमूव्हर घेतला, खालच्या कोपऱ्यात दोन इंचांवर लावून पाहिला, रात्रभर ठेवून डाग पडत नाही याची खात्री केली आणि मग पुढे गेलो.

थर खाली उतरत गेले ते असे: गुलाबी, त्याखाली पिवळसर, त्याखाली गडद निळा, आणि सगळ्यांत तळाला चुन्याचे इतके हात की सोललेली खपली पुठ्ठ्याएवढी जाड. निळ्या थराला सुभेदारकाकांनी लगेच ओळखलं. ते शाळेत होते तेव्हा चावडी निळी होती म्हणे. खोदलेल्या अक्षरांतला रंग निघता निघत नाही. तिथे बांबूची काडी तासून, टोक ओलं करून, एकेक अक्षर कोरावं लागतंय. कॉलेजातल्या दोघी मुली यात माझ्यापेक्षा तरबेज निघाल्या. त्यांची नजर चांगली आणि त्यांना घाई नाही.

९ जुलै

आकडे दिसले. वर इंग्रजी, खाली बाळबोध. गेले ५७. मेले ९.

सुभेदारकाका बराच वेळ पाटीकडे बघत बसले आणि म्हणाले, "सत्तावन्न! तेव्हा गाव होतं केवढं?" खरंय. आजच्या घरांवरून मागे जाऊन अंदाज केला तर प्रत्येक भावकीतून कुणी ना कुणी गेलेलं असणार. तरीही 'आमचे पणजोबा पहिल्या लढाईत होते' असं आज छातीठोक सांगणारी घरं बोटावर मोजण्याइतकी.

ठरलं: नऊ जणांची नावं शोधायची. मग सत्तावन्नातली सापडतील तेवढी. मग पुढच्या लढायांची.

१४ जुलै

सगळ्यांत सोपं दार म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन यादी. १९१७ साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या नोंदी ठेवते. हिंदी शिपायांच्या नोंदीत बरेचदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. म्हणजे गावावरून शोधता यायला हवं. प्रत्यक्षात गावाचं नाव लिहिणारा कारकून गोरा किंवा परप्रांतीय, सांगणारा शिपाई माणदेशी हेलात बोलणारा, आणि मधे टाइपरायटर. एकट्या आमच्या गावाची पाच स्पेलिंगं सापडली. जाधवांचे जाडू, जाधो, जादाव झालेत. मुलींनी आता उलटा रस्ता धरला आहे: मराठा पलटणींचे आणि सातारा जिल्ह्याचे मृत शिपाई तारखेनुसार काढायचे आणि गावाच्या जागी आपल्या गावासारखं ऐकू येणारं काहीही दिसलं की बाजूला ठेवायचं. मोठ्याने वाचलं की पटकन कळतं, नुसतं डोळ्यांनी वाचून नाही.

२१ जुलै

सहा जण पक्के. चौघं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. चौघांचीही नोंद बसरा स्मारकावर.

'स्मारकावर' म्हणायचं, पण त्यातही गोम आहे. बसऱ्याच्या त्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद. भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. नावं होती ती रजिस्टरात. आयोगाच्याच समितीने २०२१ साली हा भेदभाव लेखी मान्य केला. युरोपाबाहेर मेलेल्या आशियाई आणि आफ्रिकी लोकांपैकी किमान १,१६,००० जणांची नावाने नोंदच झाली नाही, किंवा मुळात काहीच झालं नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो, असं त्यांचा अहवाल सांगतो. स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या काळात ते गोदीजवळून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन उभं केलं.

म्हणजे तिकडे बसऱ्यात आकडा आणि इकडे चावडीत आकडा. मधल्या माणसाचं नाव दोन्हीकडून गळालं.

२८ जुलै

चौघांपैकी दोघांच्या मृत्यूच्या तारखा १९१६ च्या उन्हाळ्यातल्या, पलटण ११० वी मराठा. ही पलटण कुतमध्ये अडकली होती. कुत-अल-अमारा, टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. जनरल टाउनशेंडची सहावी (पुणे) डिव्हिजन तिथे तुर्कांच्या वेढ्यात १४७ दिवस होती. त्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी. धान्य संपलं तेव्हा घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली आणि बऱ्याच हिंदी शिपायांनी धर्मापायी बरेच दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही. स्कर्वीने माणसं खंगली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली आणि भर उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं.

आमचे दोघं शरणागतीनंतर मेलेत. म्हणजे गोळीने नाही, चालून चालून किंवा आजाराने. त्यांच्या घरी काय कळवलं असेल आणि कधी, याचा माग लागतो का बघायचं आहे. तलाठी कार्यालयातले जुने फेरफार बघावे लागतील. खातेदार मयत झाला की वारस लागतो आणि वारस लागला की नोंद होते. सरकार नाव विसरेल, जमीन विसरत नाही.

६ ऑगस्ट

जुनं दप्तर मोडी लिपीत. मोडी वाचणाऱ्यांना सध्या सोन्याचा भाव, सगळे कुणबी नोंदी शोधण्यात गुंतलेत. शेवटी एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी अट घातली: "बसायला खुर्ची आणि दर तासाला चहा." मंजूर.

फायदा लगेच दिसला. कुतवाल्या दोघांपैकी एकाची वारस नोंद १९१९ सालची, बायकोच्या नावाने, कारणात 'लढाईवर मयत'. मेला १९१६ ला. तीन वर्षं जमिनीच्या कागदावर तो जिवंत होता. अजून एक नाव याच रजिस्टरातून मिळालं, जे ऑनलाइन यादीत आम्हाला दिसलं नव्हतं. आता सात.

१५ ऑगस्ट

ग्रामसभा. स्मारकाचा विषय पाचवा, पण पाणीपट्टीपेक्षा जास्त वेळ यानेच खाल्ला. मुद्दे जसे आले तसे:

एक तरुण: इंग्रजांसाठी लढले त्यांचं स्मारक आपण का बांधायचं? प्रश्न वाजवी आहे. त्यावर लोकांनी आरडाओरडा केला, तो मला आवडला नाही. सुभेदारकाकांनी शांतपणे उत्तर दिलं की पोट भरायला गेले, दुष्काळी भागात दुसरं होतं काय. आणि मेले ते आपल्याच गावचे. मला याहून चांगलं उत्तर सुचत नाही.

दुसरा: दिल्लीला इंडिया गेटवर नावं असतीलच की, इथे कशाला परत? तिथे साधारण तेरा हजार नावं आहेत, आणि मुख्यतः वायव्य सरहद्दीवर नि १९१९ च्या अफगाण लढाईत पडलेल्यांची. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानचे मेले सत्तर हजारांवर. मेसोपोटेमियात मेलेला आपला माणूस तिथे शोधून सापडायचा नाही.

तिसरा: स्वागत कमान बांधा, वर दोन सैनिकांचे पुतळे, निधी आणून देतो. निधीबरोबर देणाऱ्याचं नावही येणार, आणि ते सैनिकांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत. आपल्याकडच्या कमानी बघितल्या तर कमान कुणाची हे कळतं, गाव कुठलं ते शोधावं लागतं. सरपंचताईंनी तो विषय 'विचाराधीन' ठेवला. म्हणजे संपला.

ठराव असा झाला: जुनी पाटी आणि शेजारी नावांचा नवा दगड, दोन्ही शाळेच्या आवाराला लागून असलेल्या ग्रामपंचायतीच्या जागेत. खर्च लोकवर्गणीतून. पुण्याचं लष्कराच्या सदर्न कमांडचं युद्धस्मारकही नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय, हे सांगितल्यावर विरोध मावळला.

११ सप्टेंबर

गणपतीत मुंबईकर गावी आलेत, म्हणून घरोघर फिरायला हाच मुहूर्त. फोटो, पदकं, पेन्शनची पुस्तकं, काहीही असेल ते दाखवा म्हणून स्पीकरवरून सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धाचं बरंच निघतंय. इटली आणि ब्रह्मदेश जास्त. लष्करी टपालाची पत्रं, एकाची आफ्रिकेतल्या केरेनहून. इटलीचा विषय निघाला की यशवंत घाडग्यांचं नाव येतंच. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावात त्यांचा पुतळा आहे. अशा एकाचं नाव सगळ्यांच्या ओठावर असतं. त्याच्या शेजारच्या खंदकात कोण होतं ते कुणी विचारत नाही.

पहिल्या महायुद्धाचं मात्र फारसं काही नाही. पदकं चांदीची होती, मोडीत गेली. दुष्काळात चांदी कोण ठेवतो?

४ ऑक्टोबर

आजची नोंद लांबणार.

वरच्या आळीत एका घरी बोलावणं आलं. काल घट बसले. देवघरात टाकांच्या रांगेला टेकवून एक काशाची थाळी उभी, तळहातापेक्षा थोडी मोठी, हळदीकुंकवाने माखलेली. घरातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, "ही सिंहवाली देवी. सासूबाईंच्या सासूबाईंपासून आहे. नवरात्रात हिला वेगळा नैवेद्य." उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढे सिंह. मी बघताक्षणी गप्प झालो.

ती ब्रिटानिया, म्हणजे इंग्रजांच्या देशाचं बाईच्या रूपातलं प्रतीक. महायुद्धात मेलेल्याच्या घरी सरकारने पाठवलेली स्मृतिथाळी, व्यास १२० मिलिमीटर. कडेने इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा माणूस स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. उजवीकडे चौकटीत नाव, आणि ते नंतर खोदलेलं नाही, थाळीबरोबरच ओतलेलं, उठावाचं.

काकूंना काय सांगावं? सांगितलं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव आहे म्हणता? कुठं?" चौकटीवर कुंकवाची पुटं इतकी की नावाचा मागमूस नाही. पुसायला परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, दसऱ्यानंतर. "आता घटात बसलीय. आता हलवायची नाही."

योग्य आहे. शंभर वर्षं थांबलो, आणखी आठवडाभर थांबू.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. काकूंनी स्वतःच तेलाच्या बोळ्याने पुसलं. कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घेतला. नाव स्पष्ट उमटलं. आमच्या सातांत नसलेलं. आठ.

त्यात एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो. थाळीवर हुद्दा नसतो. जनरल असो की शिपाई, नुसतं नाव, कारण सगळ्यांचं मरण सारखं धरायचं असं तेव्हाच ठरवलेलं होतं. याचा उपयोग मला पुढे सुभेदारकाकांशी बोलताना होणार आहे.

थाळी परत देवघरात. वाचनालयात ठेवायला मागायचा विचार मनात आला होता. काकूंनी तिच्यावर ताजं कुंकू लावलेलं पाहिलं आणि मागितली नाही. तिची जागा तीच आहे.

१६ ऑक्टोबर

कालपासून आचारसंहिता. ग्रामपंचायतीचं नवं काम बंद, चौथऱ्यासकट. निकालानंतर बघू.

१० नोव्हेंबर

भाऊबीजेला माहेरी आलेल्या एका ताईंनी बौद्धवाड्यातून निरोप दिला होता, आज गेलो. पत्र्याच्या डब्यात पदक. ब्रिटिश वॉर मेडल, पण चांदीचं नाही, काशाचं. लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळायचं. सैन्याबरोबर गेलेल्या मजुरांना, भिस्त्यांना आणि इतर नोकरांना काशाचं. मोडीत त्याला किंमत नाही, म्हणून तेच राहिलं. कडेवर नाव आणि तुकडी कोरलेली.

घरात आठवण अशी की 'गेला तो आलाच नाही'. मुलींनी नाव यादीत शोधलं: १९२० चा मृत्यू, बसरा. नववा मिळाला म्हणून आनंद झाला, मग लक्षात आलं की पाटीच्या नऊंत हा बसत नाही. पाटी १९१९ ला थांबते. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या हिशेबात युद्ध ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत चालतं. शिवाय पाटीवर आकडा देणाऱ्याने सैन्यामागच्या नोकरांना 'गेलेल्यां'त धरलं होतं का, कुणास ठाऊक.

या घराची तक्रार जुनी आहे. १८९० च्या दशकात सरकारने महारांची भरती थांबवली, तिच्याविरुद्ध माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट परत आली ती १९४१ ला. ताईंच्या वडिलांनी हे सगळं तारखांसकट तोंडपाठ सांगितलं. आणि म्हणाले, "दगडावर आमचं नाव खाली वेगळ्या ओळीत येणार असेल तर नको."

येणार नाही. सगळी नावं एकाच यादीत, अकारविल्हे.

२४ नोव्हेंबर

निकाल लागला, गुलाल उधळून झाला, काम सुरू. चौथऱ्याचा पाया खणला.

१ डिसेंबर

समितीची बैठक. हुद्द्याचा प्रश्न. सुभेदारकाका: "हुद्दा कमवावा लागतो. नाईक आणि हवालदार एकच केलेत तर पलटणीत काय तोंड दाखवू?" मी थाळीचा ठसा पुढे ठेवला. ते म्हणाले, "इंग्रजांनी केलं म्हणून आपण करायचं?" ग्रामसभेत स्वतःच इंग्रजांसाठी लढलेल्यांच्या बाजूने बोलले होते, हे मी त्यांना आठवण करून दिलं नाही.

शेवटी ठरलं ते असं: दगडावर नाव, बापाचं नाव, आणि जो मेला त्याच्यापुढे साल नि ठिकाण. हुद्दा, पलटण, पदकं हे सगळं वाचनालयातल्या वहीत. काका गप्प बसले, पण पटलेलं नाही. आमचा वाद राहील, हरकत नाही.

१९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या लढाईत, जमालपूरला पडलेल्या जवानाच्या पत्नी, आता आजी, बैठकीला आल्या होत्या. त्यांच्याकडून फक्त नाव तपासून घ्यायचं होतं. कागद डोळ्यांजवळ धरून वाचला आणि म्हणाल्या, "जमालपूर नीट लिहा, जबलपूर नको. पेन्शनच्या कागदावर एकदा तसं झालं होतं, दुरुस्तीला वर्ष गेलं."

१५ डिसेंबर

दगड: काळा बेसॉल्ट. पॉलिश केलेला ग्रॅनाइट स्वस्त आणि मशीनवर एका दिवसात अक्षरं काढून मिळतात, पण उन्हात त्यावर आपलंच तोंड दिसतं, नाव नाही. बेसॉल्ट निवडताना ठोकून बघावा लागतो. आत पोकळी असेल तर आवाज बद्द येतो, आणि अक्षर कोरताना नेमकी तिथेच कपची उडते. पाथरवटांनी दोन दगड नाकारले, तिसरा घेतला.

अक्षरांबद्दल त्यांचंच ऐकलं. सलग शिरोरेषा खोल कोरली तर तिच्यात पाणी थांबतं आणि शेवाळ धरतं, म्हणून रेषा उथळ आणि खालची कड उतरती. अनुस्वाराचा टिंब टोच्याने एका ठोक्यात, दुसरा ठोका मारला की फुटतो. दगड बसवताना थोडा मागे कललेला. नावं दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून कोरण्याआधी प्रत्येक घरातल्या एकाने खडूने लिहिलेलं नाव वाचून सही करायची. ही सह्यांची वहीच वेगळी जाडजूड झाली आहे.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनानंतर आजींनी दोरी ओढली. ताडपत्री अडकली, पोरांनी वर चढून सोडवली. भाषणं तीन, त्यातलं एक लांबलं. पुढाऱ्यांना खुर्च्या खाली मांडवात.

पहिल्या महायुद्धातली नावं ३१. त्यांत मेलेले दहा. पाटी म्हणते नऊ. पाटीच्या नऊंपैकी आठ आणि तिच्या हिशेबाबाहेरचे दोघं, एक बौद्धवाड्यातला आणि एक त्यानंतर सापडलेला. नववा अजून सापडायचा आहे. सत्तावन्नातलेही बरेच बाकी, म्हणून खाली दीड फूट दगड कोरा ठेवला आहे. 'राहिलेला भाग आहे का?' असं दोघातिघांनी विचारलं. हो, आहे.

९ फेब्रुवारी

हिशेब नोटीस बोर्डावर लावला. शिल्लक रकमेतून रेलिंग, आणि पाथरवटांची पुढच्या नावांसाठीची मजुरी बाजूला. नवीन नाव घालायचा नियम लिहून काढला: एक कागद किंवा वस्तू, आणि घरातल्या माणसाची सही. तोंडी आठवण असली तर वहीत जाईल, दगडावर नाही.

नववा कदाचित शेजारच्या वाडीतला. तेव्हा ती वाडी आमच्याच गावात मोडायची, पुढे वेगळी ग्रामपंचायत झाली. त्यांच्याकडचे फेरफार गुरुजी पुढच्या आठवड्यात बघणार आहेत, चहाची अट कायम.

सुभेदारकाकांनी हुद्द्यांची वही मागून घेतली आहे. सुरुवात स्वतःपासून केली आणि 'ऑनररी लेफ्टनंट' लाल शाईने लिहिलंय.